सुस्थितीतील सायकल

सायकल कुटकुट करायला लागली तेव्हा मी पहिल्यांदा संशय घेतला तो सायकलवर नाही, हर्षालीवर. "तू पायडल नीट मारत नाहीस," असं मी माझ्या मुलीला ऐकवलं. ती नववीत होती, आणि वर्षभर त्याच सायकलवरून वैशाखऱ्याहून टोकावड्याच्या शाळेत जात होती. दहा किलोमीटर जायचं, दहा किलोमीटर यायचं. तिच्या पोटऱ्या माझ्या मांड्यांपेक्षा घट्ट झाल्या होत्या. तरी पायडल कसं मारावं हे तिला मीच शिकवणार होतो, कारण बाप झाल्यावर माणसाला सगळंच येतं.

सायकल साधी नव्हती हे आधी सांगून टाकतो, नाहीतर माझा पुढचा मूर्खपणा कळायचा नाही. ती माउंटन बाइक होती. जाड टायर, सरळ दांडा आणि अठरा गिअर. त्र्याण्णव साली ठाण्याचा एक गिर्यारोहक ती चालवत माळशेज चढला, खाली येऊन मला ती विकली आणि स्वतः एसटीने घरी गेला. यावरून मला काहीतरी समजायला हवं होतं. पण आमच्याकडे तेव्हा गिअरची सायकल पाहिलेलं माणूस नव्हतं आणि मी टोकावड्याच्या वाचनालयात नुकताच ग्रंथपाल झालो होतो. ग्रंथपाल हा शब्द ऐकायला भारदस्त आहे. पगार इतका कमी की शब्दाचाच काय तो आधार. घरची शेती नावाला, भाऊबंद मला 'बुकं राखणारा' म्हणत. मान म्हणावा असा जो काही होता तो त्या अठरा गिअरांत होता. घाटाच्या रस्त्याला मी निघालो की ढाब्यावरचे ट्रकवाले मान वळवून बघत. दहा वर्षं मी ती रोज फडक्याने पुसली. बायकोने एकदा विचारलं, "माझ्याकडं असं कदी बघितलंव का?" मी तो प्रश्न विनोद म्हणून घेतला.

गावातली शाळा सातवीपर्यंत. हर्षाली आठवीत गेली तेव्हा मी सायकल तिला दिली आणि मी एसटी धरली. एसटी टोकावड्याला पोचते तोवर सकाळच्या शाळेचे दोन तास होऊन गेलेले असतात. वाचनालय अकराला उघडतं, आणि साडेअकराला उघडलं तरी कुणाला कळत नाही, त्यामुळे मला ती चालते. तिला चालण्यासारखी नव्हती. म्हणजे सायकल आहे तर शाळा आहे, इतकं ते सरळ होतं. आमच्या घराण्यात दहावीपर्यंत कुणी मुलगी गेलेली नव्हती. हर्षाली जाणार होती, असं मी वाचनालयात येणाऱ्या दोन्ही वाचकांना सांगितलं होतं.

तर कुटकुट. शेजारी महादूदादा राहतात. बत्तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले, त्यामुळे जे जे फिरतं त्या सगळ्याबद्दल त्यांचं मत पक्कं असतं. त्यांनी सायकल उलटी केली, पायडल गरगर फिरवलं, कान लावला आणि म्हणाले, "चेन ढिली हाय." चेन घट्ट केली. कुटकुट चालूच. मग म्हणाले, "सीट. सीट वाजते." सीट घट्ट केली. मग म्हणाले, "छर्रे गेलं असतील." पायडलच्या मधला डबा उघडला, तर छर्ऱ्यांच्या आधी पेलाभर लालभडक पाणी बाहेर आलं आणि मागोमाग गंजाचे पापुद्रे. दहा पावसाळे सीटच्या नळीतून पाणी आत उतरत होतं आणि मी बाहेरून फडकं मारत होतो. दहा वर्षं मी नेमकी काय निगा राखली, याचा तो पेलाभर अहवाल होता.

"घाबरायचं नाय," महादूदादा म्हणाले. "मोहटीचं तेल वत आत. माझ्या आज्याचा नांगराचा फाळ मोहटीच्या तेलानं चाळीस वर्सं टिकला."

नांगराचा फाळ पोकळ नसतो, हा मुद्दा मला सुचला, पण सेवानिवृत्त माणसाशी वाद घालू नये असं मला वाटतं. बायकोने दिव्यासाठी ठेवलेलं ते मोहाच्या बियांचं तेल मी सीट काढून नळीत ओतलं, वर नारळाच्या काथ्याचं बूच मारलं आणि सायकल रात्रभर उलटीसुलटी केली. सकाळी हर्षाली निघाली. पहिल्या दिवशी गावातली तीन कुत्री तिच्या मागे लागली, दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी तिच्या पांढऱ्या सलवारीवर तेलाचे इतके डाग पडले की बाईंनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. मुंग्यांनी तर हँडलपासून सीटपर्यंत हमरस्ताच केला. ती तक्रार करायची नाही. फक्त संध्याकाळी सलवार घेऊन विहिरीवर जायची.

त्या तेलाने एक काम मात्र केलं. एका रविवारी पुसताना मला दिसलं की हँडलखालच्या जोडाशी, जिथे खालचा दांडा पुढच्या नळीला मिळतो, तिथे तेल झिरपतंय. तिथे भोक असायचं काही कारण नव्हतं. मी पुसलं. पुन्हा आलं. नखाने रंग खरवडला तर खाली केसाएवढी फट होती. नळी अर्ध्याहून जास्त फिरून चिरली होती. इतके दिवस ती कुटकुटत होती आणि मी माझ्या मुलीला पायडल शिकवत होतो.

टोकावड्याच्या नाक्यावर पंढरी वेल्डिंगवाला आहे. ट्रॉल्या, गेटं, खिडक्यांचे गज, सगळं करतो. भारनियमन असल्यामुळे वीज येईपर्यंत त्याच्या दुकानासमोर बसून राहावं लागतं, आणि बसलेला प्रत्येक माणूस सल्लागार असतो. एकाने फट बघून सांगितलं की आत बांबू घाला. दुसरा म्हणाला, भंगारात द्या आणि त्या बदल्यात घमेली घ्या. मी ग्रंथपाल आहे हे कळल्यावर तिसऱ्याने विचारलं, "मग पुस्तकात बघा ना, काय लिवलंय." त्या दिवशी मी पहिल्यांदा खरोखर बघितलं होतं. चार हजार पुस्तकांत संतांवर साडेतीनशे होती, गंजावर एकही नव्हतं.

वीज आली. पंढरीने सीट काढून ठेवली, चष्मा डोळ्यांवर ओढला, ठिणगी उडाली आणि फटीच्या जागी रुपयाएवढं भोक पडलं.

"ही नळी हाय का पापड?" तो माझ्यावरच ओरडला. "आतनं समदी खाल्लीय गंजानं. हिच्यात धरायला लोखंडच नाय!"

त्याने पुन्हा ठिणगी लावली तसं आतलं तेल पेटलं. सीटच्या नळीतून वीतभर ज्वाळा निघाली, काथ्याचं बूच उडून समोरच्या केशकर्तनालयात गेलं आणि नाक्यावर भजी तळल्यासारखा वास सुटला. दोन माणसं तर घाणा कुठे लागलाय म्हणून विचारून गेली. ज्वाळा विझेपर्यंत गिअरच्या वायरी जळून गेल्या होत्या. पंढरीने मग इरेला पेटून भोकावर हँडपंपाच्या जाड पाइपाचा तुकडा अर्धा चिरून बसवला आणि चारी बाजूंनी वेल्ड केला. जोड असा दिसत होता की सायकलला गलगंड झालाय. अठरापैकी एक गिअर शिल्लक राहिला, तोही सगळ्यात जड. पंढरी घाम पुसत म्हणाला, "हा तुकडा नाय तुटायचा. पर त्याच्या बाजूला तुटल. बाजूची नळी तशीच हाय. पोरीला उतारावर जोरात नका जाऊ देऊ." नवी सायकल घ्यायची माझी ऐपत नव्हती. मी मान डोलावली आणि घरी येऊन फक्त पहिलं वाक्य सांगितलं.

योजनेची बातमी मला वाचनालयातल्याच पेपरात सापडली. लांबून शाळेत येणाऱ्या मुलींना सरकार सायकली देणार होतं. माझा पगार इतका सन्मान्य होता की दारिद्र्याच्या सगळ्या अटींत मी आरामात बसलो. मुरबाडला अर्ज घेऊन गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले आणि कलम सातवर पेन ठेवलं: घरात वापरण्याजोगी सायकल नसावी.

"आहे, पण वापरण्याजोगी नाही," मी म्हणालो.

"मग मुलगी शाळेत कशी जाते?"

"त्याच सायकलवरून."

"म्हणजे वापरण्याजोगी आहे."

तर्कशास्त्रावर आमच्या वाचनालयात दोन पुस्तकं आहेत, दोन्हींत याला उत्तर नसणार. बाई माणूस म्हणून चांगल्या होत्या. त्यांनी सुचवलं की सायकल निकामी असल्याचा जाणकाराचा दाखला आणा. पंचक्रोशीत जाणकार एकच. मी पंढरीकडे गेलो. तो म्हणाला, "म्हंजे मी लिवून देऊ, का पंढरीचं वेल्डिंग बेकार हाय? खाली सही करू? आनि मग नाक्यावर दुकान उगडून काय करू, पूजा?" मी म्हटलं, अरे, तूच म्हणालास बाजूला तुटेल. तो म्हणाला, "त्ये मी तुमाला तोंडी बोललो. तोंडी येगळं, लेखी येगळं." मला त्याचा राग आला आणि पटलंही. अब्रू ज्याला एवढीशीच असते तो ती कागदावर उतरू देत नाही. हे मला पंढरीच्या बाबतीत लगेच कळलं.

शेवटी खिडकीतल्या बाई म्हणाल्या, साहेब येऊन पंचनामा करतील, आठ दिवसांत. ते जुलैत. ऑगस्ट गेला. सप्टेंबर गेला. मी दर पंधरवड्याला मुरबाडला जाऊन 'आठ दिवस' घेऊन परत येत होतो. घरी मी सक्त सांगून ठेवलं होतं की सायकल धुवायची नाही, पुसायची नाही, साहेबांना ती आहे तशी दिसली पाहिजे. दहा वर्षांत पहिल्यांदा मी तिला चिखलात उभी राहू दिली. जिवावर आलं, पण दिली. आणि हर्षाली त्या जड गिअरवर, गलगंड घेऊन, रोज वीस किलोमीटर मारत राहिली.

मग दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे घरातलं सगळं लोखंड बाहेर निघतं. कोयते, विळे, कुदळ, पहार, फाळ, बायकोची विळी. सगळं घासायचं, गंज काढायचा, तेलाचा हात द्यायचा, हळदकुंकू लावून झेंडूची फुलं वाहायची. ज्या लोखंडावर वर्षभर पोट भरलं ते त्या दिवशी मळकं दिसलं तर वर्ष वाईट जातं, असं आमच्यात पक्कं धरून असतात. मी आदल्या दिवशी वाचनालयाची साफसफाई करायला थांबलो होतो. संध्याकाळी घरी आलो तर ओटीवर सायकल उभी. बायकोने, मंगळीने, माती आणि राखेने तिचा कण न् कण घासला होता. महादूदादांनी घरातला उरलेला चंदेरी रंग आणून तिला दोन हात दिले होते. गलगंडावर झेंडूची माळ होती आणि हँडलला आंब्याचा टहाळा. बल्बच्या उजेडात ती अशी लखलखत होती की त्र्याण्णव साली मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते आठवलं.

"न धुवायचं सांगितलं होतं ना?" मी म्हणालो.

"सनाच्या दिवशी पोरीचं वाहन गंजकं ठिवू?" मंगळी म्हणाली. "रोज तिच्यावं बसती ती. पूजा नको?"

मी ठरवलं की सण झाला की पुन्हा चिखल लावू. हे वाक्य मी मनात का होईना, पूर्ण गंभीरपणे उच्चारलं होतं.

साहेब दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आले. तीन महिन्यांत आठ दिवस पुरे झाले होते. जीपमधून उतरले आणि ओटीशी थबकले. माळ अजून ताजी होती. गुलालही होता.

"हीच का ती?" ते म्हणाले. मग खाली वाकून, डोळे भरून बघत, "वा! माउंटन बाइक! किती वर्षांची?"

"दहा," मी म्हणालो.

"दहा? वाटत नाही हो. काय ठेवलीय! आमच्याकडे सरकारी जीप दोन वर्षांत खिळखिळी होते. कोण राखतं एवढी?"

इथे मला सांगायचं होतं: साहेब, रंगाखाली बघा. माळ बाजूला करा. हा तुकडा हँडपंपाचा आहे आणि बाजूची नळी पापडासारखी आहे, ज्याने जोडली त्यानेच तसं सांगितलंय. माझ्या तोंडाशी हे सगळं आलं होतं. ओटीच्या खाली पाच-सात माणसं जमली होती, त्यांत मला बुकं राखणारा म्हणणारे माझे चुलतभाऊही होते. दारात हर्षाली उभी होती. आणि मोटारीतून आलेला अधिकारी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडच्या एका वस्तूकडे असं बघत होता.

"मीच," मी म्हणालो. "रोज पुसतो."

"शाबास! माणसानं वस्तू अशी वापरावी," साहेब चुलतभावांकडे वळून म्हणाले. मी छाती पुढे काढली. खोटं कशाला बोलू, काढली. साहेबांनी पंचनामा लिहिला, मी वाचून पाहिला आणि सही केली. ग्रंथपाल म्हणून माझं अक्षर फार सुरेख आहे. त्यात लिहिलं होतं, अर्जदाराच्या घरी सुस्थितीतील सायकल उपलब्ध. जीप गेल्यावर एक चुलतभाऊ म्हणाला, "भगीरथा, मानलं तुला." त्या दिवशी जेवण दोन घास जास्त गेलं.

सायकल तुटली ती नोव्हेंबरात, टोकावड्याच्या अलीकडच्या उतारावर. पंढरी म्हणाला होता तशीच, तुकड्याच्या बाजूला. पुढचं चाक हँडलसकट वेगळं झालं आणि उरलेली सायकल हर्षालीला घेऊन रस्त्यावर घासत गेली. हनुवटी फुटली, मनगट मुरगळलं, पुढचा एक दात पडला. ढाबेवाल्याने तिला उचलून घरी आणलं आणि सायकलचे दोन तुकडेही आणून दिले. मी तुकडे आतून बघितले. तुटलेल्या नळीच्या भिंती कागदासारख्या झाल्या होत्या, बोटाने दाबल्या तर मोडत होत्या.

मंगळी आरडाओरडा करील असं मला वाटलं होतं. तिने पोरीची हनुवटी पुसली, हळद दाबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बास झाली शाळा."

"अगं, नववी अर्धी झालीय—"

"दात नाय तोंडात पोरीच्या. उद्या कोन करील तिला? आनि आता जायाची कशावं? तुमच्या पंचनाम्यावं?"

मी बायकांच्या शिक्षणावर भाषण करू शकतो. वाचनालयाच्या वर्धापनदिनी दोनदा केलंय. त्या दिवशी एक वाक्य आलं नाही, कारण पंचनाम्यावर सही कुणाची होती हे तिला माहीत होतं.

हर्षाली घरीच बसली. जानेवारीपर्यंत मी धीर गोळा केला आणि दोन्ही तुकडे घेऊन मुरबाडला निघालो. कंडक्टरने दोन नगांचं लगेज फाडलं. मी म्हटलं, अहो, ही एकच सायकल आहे. तो म्हणाला, "मला दोन दिसतात." मुरबाडला ती लक्तरं खांद्यावर घेऊन बाजारातून जाताना लोक वाट करून देत होते, तिरडीला देतात तशी. साहेबांनी मला ओळखलंच नाही, पण सायकल ओळखली. "अरेरे! हिचं काय केलंत?" ते म्हणाले, आणि खरंच हळहळले. मी पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं, तेलापासून माळेपर्यंत. ते ऐकून घेऊन म्हणाले, "त्याच दिवशी बोलायचं ना, गुरुजी! मी तिथेच निकामी लिहिलं असतं. मला काय, एक शब्द." मग फाइल उघडून म्हणाले, "असू द्या. आता तुम्ही पात्र. शाळेचा दाखला तेवढा आणा, मुलगी सध्या नियमित शाळेत जाते असा."

मी तुकडे तिथेच ठेवू का, म्हणून विचारलं. ते म्हणाले, ठेवायला जागा नाही.

दोन नग घेऊन मी संध्याकाळी घरी आलो. हर्षाली ओटीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती. दोन महिन्यांत तिचं हसणं बदललं होतं, हसताना ओठ मिटून घ्यायची. मी तुकडे खाली ठेवले, तिच्या शेजारी बसलो आणि साहेब काय म्हणाले ते सांगितलं. त्याच दिवशी एक शब्द बोललो असतो तर, तेही सांगितलं.

ती खडे वेचत राहिली. मी म्हटलं, "तुला तरी माहीत होतं. तू रोज चालवायचीस. त्या दिवशी दारात उभी होतीस. तू का नाही बोललीस गो?"

"म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "उताराला मी उतरून चालत जायची, आप्पा. त्या दिवशी उशीर झाला व्हता म्हनून बसले."

"मग साहेबाला सांगायचं ना!"

तिने सूप थांबवलं. "साहेब तुमाला शाबास म्हनला," ती म्हणाली. "तुमाला कोन शाबास म्हनलेला मी कदी बगितलाच नव्हता. म्हनून गप ऱ्हायले."

तिने माझ्यासाठी हे केलं होतं आणि मी कुणासाठी केलं ते सगळ्या गावाला माहीत होतं.

"चुकलो गो मी," मी म्हणालो.

"ऱ्हाऊंद्या, आप्पा. आता काय त्याचा," ती म्हणाली, आणि ओठ मिटून हसली. मग निवडलेले तांदूळ घेऊन आत गेली.